उलटा पेला

बाबा मला ‘बाई’ म्हणतात. ‘बाई, जरा खिडकी लावता का?’ ‘बाई, तुम्ही जेवलात का?’ मी तर त्यांना लहानपणापासूनच अहो-जाहो करते. त्यामुळे आमच्या घरात सध्या दोनच माणसं आहेत आणि दोघंही बँकेच्या खिडकीवर बोलावं तसं एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला मी सांगायची, ‘बाबा, मी तुमची मुलगी.’ ते मान डोलवायचे, ‘हो का? वा वा,’ म्हणायचे, जणू मी त्यांना माझ्या ऑफिसचा पत्ता सांगितला होता. मग मी सांगणं सोडून दिलं. त्याचं वाईट वाटलं असंही नाही. आई गेल्यापासून मला काही वाटतच नव्हतं.

लोकांना तो धीर वाटला. ‘खंबीर आहे हो पोरगी,’ शेजारच्या काकू म्हणाल्या. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पोरगी म्हटल्याचंही मला काही वाटलं नाही. खंबीर-बिंबीर काही नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, मग आपलाच पाय हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो. तशी मी स्वतःला उचलून सकाळी कामावर ठेवून येत होते आणि संध्याकाळी परत आणत होते. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. ते काम बधिर माणसालाही जमतं, किंबहुना जास्तच चांगलं जमतं. दिवसभर बाबांजवळ काकू बसायच्या.

आई मातीची भांडी करायची. घरातच मागच्या बाजूला तिची खोली आहे. तिथे चाक, मातीचं पिंप, फळ्या आणि एक नळ. दुकानात जाणारे पेले ती साच्यातून काढायची. गुळगुळीत, सगळे एकमेकांचे जुळे भाऊ. चाकावर ती फक्त एकच वस्तू करायची, बाबांचा पेला. उभट, बिनकानाचा, बाहेरून झिलई न दिलेला, बोटांच्या खाचा तशाच राहू दिलेला. कारण बाबांना एक खोड होती. पेला हातात आला की ते बुडाशी अंगठा टेकवायचे आणि दुसऱ्या हाताने पेला सावकाश फिरवायचे. आईच्या बोटाने पाडलेल्या खाचेतून अंगठा गोल गोल चढत काठापर्यंत यायचा. काठ लागला की मग पहिला घोट. चहा असो नाहीतर नुसतं पाणी.

‘सगळं जग वेळेवर पोचेल, यांचा अंगठा नाही पोचायचा,’ आई म्हणायची. एक पेला फुटला की ती दुसरा करायची. जास्तीचा मात्र कधी करून ठेवला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘एक माणूस, एक पेला. दुकान मांडायचंय का?’

तिच्यामागे तिचा शेवटचा पेला काही महिने टिकला. मग एके दिवशी बाबांनी तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला, म्हणजे त्यांच्या मते कठड्यावर. चिकटवावा म्हणून मी खाली धावले, पण निम्मे तुकडे गटारात गेले होते. उरलेले मी चपलांच्या एका रिकाम्या खोक्यात टाकले. का ठेवले, ठाऊक नाही. फेकायचे तर परत जिना उतरावा लागला असता.

त्या दिवसापासून बाबांनी पिणं सोडलं.

स्टीलचा पेला देऊन पाहिला, काचेचा, फुलाफुलांचा कप, काकूंच्या नातीचा चोचीचा डबा. ते प्रत्येक भांडं नीट हातात घ्यायचे, बुडाशी अंगठा टेकवायचे, फिरवायचे. अंगठा जागच्या जागी घसरायचा. मग ते भांडं माझ्यासमोर सरकवायचे आणि कुणाची छत्री चुकून आपल्याकडे आली असावी तसं सभ्यपणे म्हणायचे, ‘हे माझं नाही, बाई.’ चमच्याने भरवलं तर दोन-चार चमचे जायचे, पुढे दातखीळ. साच्यातले आईचेच पेले दिले, तेही परत आले.

त्यांची जीभ कोरडी पडली, डोळे आत गेले. दवाखान्यात सलाइन लावलं, तर त्यांनी सुई उपसून काढली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. ‘हे असं चाललं तर मूत्रपिंडं टिकणार नाहीत. नाकातून नळी घालावी लागेल. आणि ती हे ओढून काढणार, म्हणजे हात बांधावे लागतील.’

मी फक्त ‘बरं’ म्हणाले. पण घरी येऊन भांडी घासताना ते बांधलेले हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. दोन्ही हात पलंगाच्या दांडीला, अंगठ्यांसकट.

मी भट्टीवाल्या मावशीकडे गेले. मावशी म्हणजे सख्खी मावशी नव्हे. आईची भांडी तिच्या भट्टीत भाजली जायची, आणि दोघींनी एकमेकींना इतकी वर्षं इतक्या शिव्या दिल्या होत्या की त्या बहिणीच झाल्या होत्या. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘एवढंच ना? माझ्या डाव्या हातचा मळ!’ तिने तिच्या चाकावर पेला काढला, वाळवला, भाजला, आतून झिलई देऊन परत भाजला, आणि स्वतः घरी घेऊन आली.

बाबांनी बुडाशी अंगठा टेकवला. पेला फिरवू लागले. मी आणि मावशी समोर उभ्या. त्यांचा अंगठा थोडा हलला, थांबला. कपाळावर आठी आली. त्यांनी पेला खाली ठेवला.

‘हा उलटा आहे, बाई.’

मी पेल्याकडे पाहिलं. चांगला सुलटा होता, पाणी होतं त्यात. तरी मी पाणी ओतून दिलं, पेला उपडा घातला, परत सरळ केला, परत भरला. ‘आता?’

‘उलटा आहे,’ ते म्हणाले.

मावशी हट्टाला पेटली. म्हणाली, आकार उलटा वाटत असेल त्यांना. पुढच्या वेळी तिने बूड रुंद आणि तोंड अरुंद काढलं. ते फुलदाणीसारखं प्रकरण बाबांनी फिरवून पाहिलं आणि परत केलं. उलटा. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘हे बघ,’ मला म्हणाली, ‘त्यांना तुझ्या आईचा हात पाहिजे. तो मी कुठून आणू? असला तर तुझ्यात असेल. रक्तात उतरतो हात. बस तूच चाकावर.’

‘मला येत नाही.’

‘आईच्या पोटातून कुणी शिकून येतं का? बस म्हटलं ना!’

आईचं चाक बंद पडून होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. बडबड्या माणूस, तोंडात टेस्टर धरूनही बोलू शकणारा. त्याने खालचं झाकण उघडलं, फुंकर मारून धूळ उडवली, काहीतरी बदललं आणि चाक घरघरत फिरायला लागलं. ‘आणि ताई, आतल्या दोन वायरी कुणीतरी अडाण्याने उलट्या जोडल्या होत्या, लालच्या जागी काळी. जाता जाता त्याही सरळ करून दिल्या.’ मी त्याचे आभार मानले.

मग मी शिकायला लागले. दुकानातून आले की बाबांना पातळ वरणभात भरवायचा, त्यांच्या पोटात पाणी जायचं ते तेवढंच, आणि मागच्या खोलीत जायचं. मावशी पिंपावर बसून शिकवायची. आधी माती मळायची. कणीक मळतो तशी नव्हे, लोटून आणि पिळून, आतली हवा निघून जाईपर्यंत. नाहीतर भट्टीत पेला फुटतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो. मग गोळा चाकावर आपटायचा, हात ओले करायचे आणि फिरता गोळा दाबून बरोबर मध्यावर आणायचा.

‘इथेच सगळे रडतात,’ मावशी म्हणाली. ‘माती ढकलेल तुला. तू हलायचं नाहीस. कोपर मांडीला टेकव आणि दगड हो.’

दगड व्हायचं मला आधीच जमलेलं होतं. पहिल्याच संध्याकाळी गोळा माझ्या हाताखाली गप्प झाला. फिरत होता, पण बघणाऱ्याला उभाच वाटावा इतका मध्यावर. मावशी पिंपावरून उठून बघायला आली. ‘अगं, महिने लागतात लोकांना! म्हटलं नव्हतं? रक्त आहे, रक्त!’ मला आनंद व्हायला हवा होता. मी वाट पाहिली, पण झाला नाही. गोळ्याकडे बघत मी एवढंच म्हणाले, ‘पुढे काय करायचं?’

पुढे अंगठ्याने गोळ्यात खड्डा पाडायचा. मग एक हात आत, एक हात बाहेर, आणि बोटांच्या चिमटीत मातीची भिंत धरून ती हळूहळू वर न्यायची. चाक फिरतं, बोटं चढतात, आणि त्या चढण्याची खाच मागे राहते. हे ऐकायला जितकं सोपं तितकंच करायला अवघड. माझ्या भिंती कंबरेत बसायच्या, काठ कुत्र्याच्या कानासारखा लोंबायचा. एखादा उभा राहिला की मावशी तार घेऊन तो मधोमध कापायची, भिंत किती जाड आहे ते दाखवायला. ‘खाली वीट, वर पापुद्रा. हा पेला आहे की अपघात?’ मी चिखल परत पिंपात टाकायची आणि नवा गोळा घ्यायची. वाईट वाटत नसलं की माणूस पटापट शिकतो. याचा कुणी शिकवणीच्या जाहिरातीत उपयोग करत नाही, एवढंच.

हळूहळू पेले उभे राहायला लागले. मावशीने भाजून आणलेला पहिला पेला मी बाबांच्या हातात दिला. उभट, बिनकानाचा, खाचा स्वच्छ. माझ्या डोळ्यांना तो अगदी आईचा दिसत होता, आणि माझे डोळे दिवसभर भिंगांतला केसाएवढा फरक मोजतात.

बुडाशी अंगठा. पेला फिरला.

‘उलटा.’

दुसरा दिला. उलटा. त्याच्या पुढचाही उलटा. ते चिडत नव्हते, उलट मला समजावून सांगावं तशा आवाजात म्हणत होते, जणू या बाईला बिचारीला कळत नाही. मी सगळे पेले धुऊन फडताळात ओळीने ठेवले. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. रक्ताचा रिपोर्ट वाईट होता. पुढच्या आठवड्यात नळीचं ठरवू या, त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी सवयीने चाकावर बसले होते. आता करून उपयोग नाही हे कळत होतं, पण हात रिकामे ठेवले की ते कुठे ठेवायचे ते समजत नव्हतं. गोळा नुकताच मध्यावर आला होता. तेवढ्यात दारात सावली पडली. बाबा भिंत धरत धरत आले होते. आई गेल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ते चाकाकडे बघत राहिले.

‘उलटा आहे, बाई,’ ते म्हणाले.

मी हाताखाली पाहिलं. नुसता गोळा होता. त्याला ना तोंड ना बूड. अजून पेला झालाच नव्हता, तर उलटा काय असणार?

‘काय उलटं आहे, बाबा?’

त्यांनी बोट जमिनीकडे केलं आणि हवेत गोल गोल फिरवलं. घड्याळाचे काटे फिरतात तसं. माझ्या मांडीजवळ चाक दुसऱ्या बाजूने फिरत होतं. ‘ती असं करते,’ ते म्हणाले, आणि दमून पिंपावर बसले.

मी चाक बंद केलं. चपलांचं खोकं काढलं, काठाचा एक मोठा तुकडा उभा धरला आणि शेजारी माझा पेला धरला. आईच्या तुकड्यावर खाच उजवीकडे चढत होती. माझ्या पेल्यावर ती डावीकडे चढत होती. मी बाबांसारखा बुडाशी अंगठा टेकवला आणि ते फिरवतात तसा माझा पेला फिरवला. अंगठा वर जाईना. खाच त्याला बुडाकडेच ढकलत होती. रोज त्या माणसाच्या हातात मी असा जिना देत होते, जो चढायला लागलं की खाली नेतो.

आई डावरी होती. हे काही मला नव्याने कळलं नाही. डाव्या हाताने तिने मला वेणी घातली, डाव्या हाताने धपाटे घातले, आणि माझ्या डावऱ्या-उजव्याची चौकशी करणाऱ्या आत्याला ‘हिचं सगळं उजवंच आहे, काळजी नको’ असं फणकाऱ्याने सांगितलं. पण चाकालाही डावं-उजवं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. वायरी उलट्या जोडणारी अडाणी तीच होती.

मावशीला फोन केला. तिने आधी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, ‘अगं माझ्या कर्मा! ती कधी माझ्या चाकावर बसायची नाही. म्हणायची, तुझं चाक मला चावतं. मला वाटायचं नखरे आहेत.’ आणि मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी फोन धरून थांबले, तिचं होईपर्यंत.

इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी आला.

‘उलटं करायचंय? ताई, मी सरळ केलं होतं हो!’

‘हो. ते परत उलटं करा.’

‘लोक बिघडलेलं दुरुस्त करायला बोलावतात.’

‘मीही त्यासाठीच बोलावलंय.’

त्याने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि उरलेला वेळ तो तोंडात टेस्टर धरून चक्क गप्प राहिला.

चाक उलटं झालं आणि मला येत होतं नव्हतं ते सगळं गेलं. आता डावा हात बाहेर, उजवा आत, भिंत धरायची ती डावीकडे. गोळा मध्यावर यायचं नाव घेईना. माझं डावं मनगट आयुष्यात कधी कामाला लागलं नव्हतं. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे ते लग्नघरातल्या जावयासारखं नुसतं बसून खात होतं. एका संध्याकाळी सलग सगळे गोळे वाकडे गेल्यावर मी शेवटचा उचलून भिंतीवर मारला. तो तिथेच चिकटून बसला. मावशी त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘राग आला वाटतं?’

आला होता. बघून मलाच नवल वाटलं. पण तो लगेच गेलाही, आणि मी दुसरा गोळा घेतला.

डॉक्टरीणबाईंना मी म्हणाले, ‘भट्टी थंड होईपर्यंत थांबा.’

‘काय थंड होईपर्यंत?’

मी समजावून सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, तोवर निदान रोज सलाइन लावू. ते चालू असेपर्यंत मी दुकानातून रजा घेऊन बाबांचा हात हातात धरून बसले, तो त्यांनी सुईकडे नेऊ नये म्हणून. बांधू दिला नाही. बाबा मधूनच सौजन्याने म्हणायचे, ‘बाई, तुम्हाला घरी वाट बघत असतील ना?’

पेले कसेबसे उभे राहिले तेवढे सगळे मावशीने भट्टीत घातले. भट्टी उघडली तेव्हा एकाला तडा गेला होता, एक शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून तिथेच चिकटला होता, आणि बाकीचे कुठे ना कुठे दुखावलेले होते. धड असा एकच निघाला. तो जाडजूड होता आणि मध्यावर जिथे माझं मनगट थरथरलं तिथे खाच जरा बुजलेली होती. ‘चालेल,’ मावशी म्हणाली. मग म्हणाली, ‘चालू दे रे बाबा,’ ते मला नव्हतं, भट्टीला होतं किंवा आईला.

सकाळी मी त्यात कोमट पाणी घातलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांसमोर ठेवलं. हा परत आला असता तर दुपारी मी दवाखान्यात फोन करणार होते.

त्यांनी पेला उचलला. त्याच्या वजनाने हात जरा खाली गेला. त्यांनी बुडाशी अंगठा टेकवला आणि दुसऱ्या हाताने पेला फिरवायला सुरुवात केली. अंगठा चढला. एक वेढा, मग दुसरा. बुजलेल्या जागेपाशी तो थांबला. बाबा पण थांबले. मग त्यांनी पेला किंचित मागे घेतला, पुढे केला, अंगठा त्या थरथरीवरून पलीकडे गेला आणि चढत चढत काठाला लागला.

ते पाणी प्यायले, एका दमात. घशाचा मणी वर-खाली होताना मी बघत होते. त्यांनी रिकामा पेला माझ्यापुढे केला, मी भरला, त्यांनी परत अंगठा टेकवला, परत सगळा जिना चढले आणि परत प्यायले. हनुवटीवरून ओघळ आला तो त्यांनी बाहीने पुसला. मग पेला हातात तोलून पाहिला.

‘आज जाड झालाय,’ ते म्हणाले.

‘हो. झालाय खरा.’

‘मनगट दुखतंय का तुझं?’

‘तुझं’ म्हणाले. ‘बाई’ नाही, ‘तुमचं’ नाही. आईला ते तू म्हणायचे, मलाही तूच म्हणायचे. त्यामुळे तो प्रश्न आम्हा दोघींपैकी कुणाला होता हे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. विचारता आलं असतं, पण मी विचारलं नाही. शेवटची वर्षं आईचं मनगट दुखायचं, हे मला ठाऊक होतं. माझं दुखतंय का, हे मात्र इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

‘दुखतंय,’ मी म्हणाले.

त्यांनी पेला बाजूला ठेवला, टेबलावरून हात पुढे करून माझं डावं मनगट आपल्या हातात घेतलं आणि त्याच अंगठ्याने खालून वर, खालून वर चोळायला लागले. खरंच दुखत होतं. कधीपासून दुखत होतं, कोण जाणे.